रबरातला पीळ

मिस्त्रींना सगळी गल्ली कानसेन म्हणायची, आणि ते नाव त्यांनी कमावलेलं होतं. गाडी समोरच्या टायरवाल्याच्या दुकानापाशी वळते न वळते तोच मिस्त्री चहाचा ग्लास खाली ठेवून म्हणायचे, "डावं बेअरिंग गेलंय." नाहीतर, "हिचा सायलेन्सर मागच्या कडीतून सुटलाय." आणि तसंच निघायचं. गिऱ्हाईक आ वासून बघत राहायचं. मिस्त्री मात्र आपण काही विशेष केलंच नाही अशा चेहऱ्याने उरलेला चहा संपवायचे. तो चेहरा त्यांनी चाळीस वर्षांत फार मेहनतीने तयार केला होता.

अशा माणसापुढे दवाखान्याची जीप एकाच तक्रारीसाठी तिसऱ्यांदा येऊन उभी राहिली, आणि तिच्यातून काही म्हणजे काही ऐकू येईना.

जीप उंच, दणकट, चारही चाकांना ताकद पुरवणारी. नदीच्या पात्रातले धोंडे आणि डोंगरावरचा चिखल तुडवत ती वस्त्यांवर लसी पोचवायची. दवाखान्याच्या अशा चार गाड्या होत्या आणि चारही मिस्त्रींकडेच यायच्या. ही जीप सिस्टर स्वतः चालवायच्या. सिस्टर म्हणजे पन्नाशीची ठेंगणी बाई, पण आवाज असा की डोंगराच्या पलीकडची वस्तीसुद्धा लस घ्यायला आपोआप रांगेत उभी राहावी.

"धोंड्यांवर काही होत नाही," सिस्टर सांगत होत्या. "डांबरी रस्त्याला लागले, साठाचा वेग आला आणि पुलाच्या जोडावर एक चाक आपटलं, की झालं. स्टिअरिंग वेड्यासारखं डावी-उजवीकडे मारायला लागतं. थांबता थांबत नाही. गाडी पार उभी करावी तेव्हा कुठे शांत होते. मिस्त्री, मला लसी घेऊन वस्तीवर जायचंय. देवाघरी जायची अजून घाई नाही मला."

पहिल्या वेळी मिस्त्रींनी स्टिअरिंगचे धक्के पचवणारा डॅम्पर बदलला होता. पंधरा दिवस बरे गेले. दुसऱ्या वेळी चाकांचं बॅलन्सिंग केलं, पुढची बेअरिंग नवी टाकली. आठ दिवस बरे गेले. त्या वर्कशॉपमध्ये अशा गाडीला 'परतीची' म्हणत, आणि परतीची गाडी दारात दिसली की मिस्त्रींच्या तोंडाची चव जायची. इथे तर तिसरी खेप होती.

आता सूनबाईंबद्दल सांगायला हवं. मिस्त्रींच्या मुलाला लहानपणापासून हॉर्नचा आवाज सोसत नसे. तो एका चष्म्याच्या दुकानात कामाला होता आणि सुखात होता. त्याची बायको मात्र लग्नानंतर तिसऱ्याच आठवड्यात बाह्या सरसावून वर्कशॉपमध्ये उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, मला शिकवा." मिस्त्रींनी आधी नाही म्हणून पाहिलं, मग शिकवलं, आणि मग तिच्या हाताबद्दल गल्लीभर बढाया मारल्या. या गोष्टीला अकरा वर्षं झाली होती. चाकांचं अलाइनमेंट तर ते तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाला करूच देत नसत.

म्हणून तर परवा जे झालं ते व्हायला नको होतं.

झालं असं. सहा महिन्यांपूर्वी नदीतल्या धोंड्यावर आपटून जीपची पुढची एक आडवी दांडी वाकली होती. ती दांडी मिस्त्रींनी स्वतः बदलली आणि त्यानंतर सुनेने अलाइनमेंट केलं. परवा दवाखान्याच्या गाड्या बघणाऱ्या साहेबांचा फोन आला. साहेबांनी सरळच विचारलं, "ही तक्रार त्या कामानंतर सुरू झाली. दोघांपैकी कोणाचं काम बिघडलं?"

मिस्त्रींच्या तोंडून निघून गेलं, "दांडी मी बसवली. अलाइनमेंट सूनबाईंनी केलं होतं. तिथेच काहीतरी राहिलं असेल."

ते खोटं बोलत नव्हते. ही त्यांची खोड होती. चूक शोधायला निघाले की स्वतःचं काम वगळून बाकी सगळीकडे शोधायचे, आणि इतक्या वर्षांत ती चूक बाकी कुठेतरीच सापडत आल्यामुळे त्यांना ते रीतीला धरूनच वाटायचं.

"असं असेल तर शुक्रवारी चारला मी येतो," साहेब म्हणाले. "मला नक्की काय ते सांगा. त्यांची चूक असेल तर यापुढे आमच्या एकाही गाडीला त्यांनी हात लावायचा नाही. माझ्या माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे."

मिस्त्री नुसतं "बरं" म्हणाले. शेजारच्या स्टुलावर टायरवाला चहा पीत बसला होता, त्यामुळे ती बातमी संध्याकाळपर्यंत फिरून सुनेच्या कानावर गेली. घरी तिने सासऱ्यांना नेहमीसारखं जेवायला वाढलं, आणि मिस्त्री अर्धी भाकरी टाकून उठले.

आज शुक्रवार होता. सकाळी नऊला सून जीपच्या बॉनेटवर हात ठेवून उभी होती.

"मामा, चारपर्यंत ही गाडी माझ्याकडे द्या."

"कशाला?"

"माझं नाव लागलंय तिला, म्हणून."

ती चिडून बोलली असती तर मिस्त्रींनीही आवाज चढवला असता. पण ती अगदी साधेपणाने म्हणाली, आणि कानसेन कानकोंडे झाले.

"घे मग. रॅम्पवर चढव," ते म्हणाले.

"रॅम्प नको. मागच्या दोन्ही वेळी आपण ती रॅम्पवरच बघितली. वर उचलली की चाकं लटकतात, कशावरच भार नसतो, मग काय सापडणार? ही जमिनीवर आजारी पडते, तर जमिनीवरच तपासू. तुम्ही आत बसा. इंजिन चालू ठेवा आणि स्टिअरिंग फक्त चार बोटं डावीकडे, चार बोटं उजवीकडे असं हलवत राहा. मी थांबा म्हणेपर्यंत."

चाळीस वर्षं मिस्त्री खाली आडवे झाले होते आणि वर बसून स्टिअरिंग हलवायचं काम दुसऱ्या कोणीतरी केलं होतं. ते निमूट वर चढले आणि सून गाडीखाली गेली. सिस्टर फाटकाजवळच्या बाकावर लसींची पेटी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांना घाई होती, पण आज त्यांनी ती दाखवली नाही.

मिस्त्री स्टिअरिंग हलवू लागले. कान टवकारलेले होतेच. इंजिनाची घरघर, पंख्याची फडफड, बाकी काही नाही. जिथे सांधा ढिला असतो तिथे टकटक होते, खुळखुळ होते. या गाडीच्या पोटात काही वाजतच नव्हतं.

खाली सून एकेका सांध्यावर हात ठेवत पुढे सरकत होती. अंगठा एका भागावर, बोट दुसऱ्या भागावर. दोन्ही एकदम हलले तर सांधा चांगला. एक आधी हलला आणि दुसरा मागून आला, तर मधे कुठेतरी पोकळी आहे. तिचा आवाज वर येत होता.

"टाय रॉड डावा, ठीक. उजवा, ठीक. बॉल जॉइंट, ठीक. स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट, ठीक." मग हात एका जागी थांबला. "थांबा. परत करा. हळू. अजून हळू."

मिस्त्रींनी अगदी हळू केलं.

"मामा, सापडलं. आडवी दांडी. चेसीकडच्या टोकाला चेसी आधी सरकते आणि दांडी मागून हलते. नखाएवढं."

ही दांडी पुढच्या आसाला चेसीखाली, म्हणजे गाडीच्या सांगाड्याखाली, मधोमध धरून ठेवते. तिच्या टोकाला नखाएवढी पोकळी झाली की साठाच्या वेगाला सगळा पुढचा भाग नाचायला लागतो.

"आवाज नाही कसा?" मिस्त्रींनी खिडकीतून मान काढून विचारलं.

"रबराचा बुश फाटलाय आतून. रबरावर रबर घासतंय, ते काय वाजणार? कोणालाच ऐकू आलं नसतं, मामा."

शेवटचं वाक्य तिने बोलायची गरज नव्हती. ते ती त्यांच्यासाठी बोलली हे मिस्त्रींना कळलं. पण त्याआधी दुसरंच कळलं होतं, की ही दांडी त्यांनी बसवलेली.

"रेघ बघ," ते घाईने म्हणाले. "बोल्टवरची माझी रेघ बघ."

त्या वर्कशॉपची ही पद्धत होती. बोल्ट शेवटचा आवळून झाला की त्याच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढायची. बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते आणि लबाडी उघडी पडते. मिस्त्रींची रेघ पिवळी, सुनेची लाल.

"पिवळी आहे," खालून आवाज आला. "जागच्या जागी. तुटलेली नाही."

"बघ!" मिस्त्रींची छाती फुगली. त्यांनी सिस्टरना ऐकू जाईल अशा बेताने आवाज काढला. "सहा महिने, नदीतले धोंडे, डोंगराचे हिसके, आणि मी आवळलेला बोल्ट केसभरसुद्धा हललेला नाही! म्हणजे बुशच हलक्या मालाचा निघाला."

खाली पाना उचलल्याचा आवाज झाला. मग सून म्हणाली, "असेल. इंजिन बंद करा, दुसऱ्या टोकाचाही बोल्ट सोडवते."

इंजिन थांबलं. वर्कशॉप शांत झालं. लांब पान्याची कुरकुर झाली, बोल्ट सुटायला लागला, आणि खालून एक आवाज आला. टक. दबका, बारीक, एकदाच. सिस्टरना तो ऐकूही गेला नाही.

मिस्त्री मात्र जागीच थिजले. बोल्ट सुटताना असा आवाज करत नाही. पिळून धरलेलं काहीतरी एकदम मोकळं होऊन आपल्या जागी गेल्याचा तो आवाज होता. ते खाली उतरले, गुडघ्यांना चार शिव्या घातल्या आणि सुनेच्या शेजारी फरशीवर आडवे झाले.

बुश म्हणजे साधी गोष्ट. मधे लोखंडी नळी, तिच्याभोवती रबर. बोल्ट आवळला की नळी त्या क्षणी ज्या कोनात असेल त्याच कोनात पकडली जाते, आणि पुढे दांडी हलते ती रबराच्या लवचिकपणावर. गाडी चाकांवर उभी असताना बोल्ट आवळला तर रबर निवांत असतं. चाकं लटकलेली असताना आवळला तर गाडी खाली उतरताच रबराला पीळ बसतो, आणि तो पीळ सोसत ते रस्ता काटतं. एक दिवस फाटतं. या दुसऱ्या टोकाचा बुश अजून फाटला नव्हता, म्हणून बोल्ट ढिला होताच त्याचा पीळ सुटला होता. नळीवरचा गंजाचा डाग चांगला बोटभर बाजूला सरकलेला दिसत होता.

मिस्त्री त्या डागाकडे बघत राहिले. ते काम शिकले तेव्हा अशा जागी पितळी बुश असायचे. ग्रीस भरा आणि कसेही आवळा. पुढे रबर आलं. पण तेव्हा ते गाडीखालच्या खड्ड्यात उतरून काम करत, गाडी वर आपल्या चाकांवर उभी असायची, आणि त्यामुळे योग्य तेच घडत गेलं. ते योग्य का आहे हे त्यांना कधी विचारावं लागलं नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गुडघ्यांसाठी सुनेने हट्टाने रॅम्प आणला आणि खड्ड्यावर फळ्या पडल्या. ही दांडी त्यांनी रॅम्पवर बसवली होती, लटकत्या चाकांवर, दोन्ही हातांनी जीव खाऊन आवळून. पिवळी रेघ खरंच बोलत होती. बोल्ट जितका पक्का, तितका पीळ पक्का.

"तुला कळलं होतं," ते म्हणाले.

"रेघ बघितली तेव्हा शंका आली."

"मग बोलली का नाहीस?"

सून पान्यावरचं ग्रीस पुसत राहिली. "रॅम्प मी आणला, मामा. तेव्हाच हे सांगायला हवं होतं. वाटलं, तुम्हाला काय सांगायचं!"

मिस्त्रींना कोणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. ते शिकवताना तिला नेहमी म्हणायचे, शंका आली की लगेच बोल. आणि ज्या माणसाला बोलायचं तो माणूस असा करून ठेवला होता की कोणी बोलूच नये.

दोघं कामाला लागले. फळ्या काढून जीप खड्ड्यावर घेतली. सुनेने दोन्ही टोकांना नवे बुश दाबून बसवले, बोल्ट नुसते अडकवून ठेवले आणि सिस्टरना हाक मारली. दोघींनी मिळून जीप दोनदा पुढे-मागे ढकलली, पुढचा बंपर दाबून सोडला, म्हणजे गाडी आपल्या वजनाने नीट बसावी. मग सून खड्ड्यात उतरली आणि तिने बोल्ट आवळले. मिस्त्रींनी दिवा धरला. तिचा हात कुठे जाणार हे आधीच ओळखून ते उजेड तिथे नेत होते, आणि बघत होते. किती सफाईने करते ही पोर! आपल्याला या वयात इतकं कुठे येत होतं? हे त्यांच्या मनात आलं आणि त्याचं त्यांना अजिबात वाईट वाटलं नाही. उलट आत कुठेतरी ऊब वाटली.

शेवटी तिने अलाइनमेंट तपासलं. सहा महिन्यांपूर्वी लावलेले तिचेच आकडे होते, नवे बुश बसूनही त्यात फरक नव्हता. मिस्त्रींनी ते दोनदा वाचले.

साडेतीनला सिस्टरनी जीप बाहेर काढली. सून पुढे, मिस्त्री मागे लसींच्या पेट्यांच्या जागी. पुलाच्या जोडावर सिस्टरनी साठाचा काटा धरून मुद्दाम डावं चाक आपटलं. एक हिसका बसला आणि संपला. स्टिअरिंग त्यांच्या हातात गप्प होतं.

"परत मारू?" सिस्टर म्हणाल्या, आणि उत्तराची वाट न बघता गाडी वळवून त्यांनी आणखी तीनदा मारलं. चौथ्या वेळी त्या खळखळून हसायला लागल्या. मागे मिस्त्रींचं डोकं टपाला लागलं, पण त्यांनी तक्रार केली नाही.

चारला साहेब आले. इस्त्रीचा शर्ट, हातात वही. सिस्टरनी गाडी बरी झाल्याचं सांगितलं, पण साहेबांचं तेवढ्यावर भागणार नव्हतं.

"उत्तम. आता मला सांगा, चूक कोणाची होती?"

मिस्त्रींनी तोंड उघडायच्या आधीच सून बोलली. "रबराचा बुश फाटला होता, साहेब. माल कधी कधी हलका निघतो. चूक अशी कोणाची नाही."

तिने त्यांना वाट करून दिली होती. मिस्त्रींनी नुसतं गप्प राहायचं होतं, कानसेन कानसेनच राहिले असते. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि मान वर केली.

"म्हणजे अलाइनमेंटमध्ये चूक नव्हतीच, असंही नक्की म्हणता येत नाही. मग खबरदारी म्हणून यांनी आमच्या गाड्यांना हात न लावलेलाच बरा. मिस्त्री, तुम्ही स्वतः बघत जा."

"थांबा, साहेब. ते खोडा," मिस्त्री म्हणाले.

आवाज इतका मोठा होता की समोरच्या टायरवाल्याने हातातलं काम टाकून मान वर केली. मिस्त्रींनी त्याच्याकडे बघितलं आणि आवाज आणखी चढवला.

"बुश चांगला होता. मी तो चाकं लटकत असताना आवळला, म्हणून फाटला. चूक माझी, शंभर टक्के माझी. हिचं अलाइनमेंट सहा महिन्यांपूर्वी बरोबर होतं आणि आजही तेच आहे, आकडे आत आहेत, बघा. परवा फोनवर मी हिचं नाव घेतलं ते न तपासता घेतलं. डॅम्पर बदलून मी दुखणं झाकलं होतं. हिने आज हाताने ते शोधून काढलं, आणि वर मला वाचवायला तुमच्यासमोर खोटं बोलली. आता लिहा. आणि तुमच्या चारही गाड्या हिच्या हातून गेल्याशिवाय या फाटकाबाहेर जाणार नाहीत."

साहेबांचं पेन वहीवर अडलं. सिस्टर म्हणाल्या, "लिहा ना, साहेब. मला अंधार पडायच्या आत वस्ती गाठायचीय." साहेबांनी आधीचं खोडलं आणि नवीन लिहिलं.

जीप गेली, साहेब गेले. सून तिथेच हात पुसत उभी होती. हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी पुसत होती. डोळे भरले होते, आणि ती रागावलीही होती.

"सगळ्या गल्लीसमोर कशाला बोललात, मामा? चाळीस वर्षांचं नाव आहे तुमचं."

"आहे ना," मिस्त्री म्हणाले. "गल्लीने ते चाळीस वर्षं माझ्याच तोंडून ऐकलंय. कंटाळली असेल बिचारी. आता जरा तुझं ऐकू दे."